मोरीचा गळका पाईप मालकाकडून नीट बदलून कसा घ्यायचा (एमसील लावून नव्हे)

आमची मुंबईत गिरगावात जुनी पागडीची (आधी मोठी रक्कम देऊन घेतलेली, थोड्या भाड्याची) बिल्डिंग आहे, सगळ्यांच्या मोऱ्यांचे पाईप मागच्या घरगल्लीत, म्हणजे दोन बिल्डिंगमधल्या अरुंद बोळात, उतरतात. आमचा पाईप गळायला लागला तेव्हा आमच्याकडे एक थेंब दिसत नव्हता, सगळं पाणी खालच्या काकूंच्या ओट्यावर पडायचं, ते पण बरोब्बर गॅसच्या बाजूला. त्या दुधाच्या पातेल्यावर दिवसभर ताट झाकून ठेवायच्या आणि वर छताला तपकिरी डाग, त्यातून चुन्याचे पोपडे सुटलेले. मालकाला सांगितलं, त्याचा प्लंबर आला, एमसील लावून गेला. दोन महिन्यांनी परत तेच. परत एमसील. तिसऱ्या वेळी पांढरं सिमेंट थापलं. असं दीड वर्ष चाललं, आणि मग डोक्यात प्रकाश पडला की आम्ही दरवेळी फक्त 'गळतंय' एवढंच सांगतोय, त्यामुळे ते तेवढ्यापुरतं थांबवायचा जो सगळ्यात स्वस्त उपाय असेल तोच होतोय. ज्या दिवशी कुठून कुठपर्यंतचा पाईप काढायचा आणि त्या जागी काय बसवायचं हे कागदावर लिहून दिलं त्यानंतर काम झालं. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी गळती नक्की कुठली ते शोधा, मालकाशी बोलणं नंतर. पाणी यायच्या वेळेला किंवा चोवीस तास सारखं टपकत असेल तर बहुतेक नळाची लाईन आहे, तिच्यात प्रेशर असतं. आंघोळ, कपडे, भांडी झाल्यावर पाच-दहा मिनिटांनी टपकायला लागतं आणि मग हळूहळू थांबतं, तर तो सांडपाण्याचा पाईप किंवा मोरीची जमीन. या दोघांतला फरक काढायला एक सोपी टेस्ट आहे, खाण्याचा लाल रंग बादलीभर पाण्यात घाला आणि ते पाणी जमिनीवर न सांडता थेट नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे मोरीतलं पाणी पाईपात जातं त्या भोकाच्या, जाळीत ओता. खाली लाल थेंब आला तर ट्रॅप किंवा पाईप गेलाय. नाही आला तर दुसऱ्या दिवशी जाळीचं तोंड कापडाने घट्ट बंद करून मोरीत दोन इंच पाणी भरून ठेवा, आता खाली ओल आली तर लादीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय आणि नुसता पाईप बदलून काहीही होणार नाही. ही टेस्ट करताना खालच्या घरात एक माणूस मोबाईल घेऊन उभा करा, व्हिडिओमध्ये रंग दिसला की प्लंबरचं 'वरून पावसाचं येतंय' बंद होतं.

जुन्या बिल्डिंगमध्ये पाईप बिडाचा (ओतीव लोखंडाचा) असतो, जॉइंटमध्ये ताग भरून वर शिसं ओतलेलं. पन्नास-साठ वर्षांत बीड आतून गंजून पातळ होतं, आणि बऱ्याचदा जॉइंटच्या फटीत पिंपळाचं रोप उगवतं त्याची मुळं आतपर्यंत जातात. वरून रोप कापलं तरी मुळं राहतात आणि पुढच्या पावसाळ्यात ते परत येतं. एमसील ओल्या, गंजक्या बिडाला धरतच नाही, त्याला कोरडा आणि घासलेला पृष्ठभाग लागतो, आणि चालू मोरीचा पाईप कोरडा कधी होणार. अजून एक वाईट प्रकार म्हणजे मधला दोन फूट तुकडा कापून पीव्हीसी घालायचा आणि बीड-पीव्हीसीच्या जोडाला नुसतं सिमेंट लावायचं. पीव्हीसी गरम पाण्याने फुगतं आणि आकसतं, सिमेंट काही हलत नाही, थोड्या दिवसांत तिथेच चीर पडते.

म्हणून मागणी करताना अशी करा: नहाणी ट्रॅपसकट, ट्रॅपपासून बाहेरच्या उभ्या लाईनपर्यंतचा पूर्ण पाईप बदला. एसडब्ल्यूआर पाईप (सांडपाण्यासाठीचा पीव्हीसी पाईप) हवा, नळाचा पाईप नको. मोरीला 75 एमएम, संडासाला 110 एमएम. बिडाला जोडताना रबर रिंगचा अडॅप्टर. आडव्या पाईपला मीटरला दोन-अडीच सेंटीमीटर उतार, आणि क्लॅम्प आडव्याला दोन-अडीच फुटांवर, उभ्याला चार-पाच फुटांवर. वळणावर दार असलेला बेंड, म्हणजे तुंबला तर पाईप न तोडता साफ करता येतो. हे सगळं वाचून वाटेल की आपल्याला कशाला एवढं कळायला हवं, पण मालकाचा माणूस समोर उभा असतो तेव्हा हे शब्दच कामाला येतात.

मालक टाळाटाळ का करतो तेही समजून घ्या. पाईप एवढा महाग नसतो, महाग असते घरगल्लीतली बांबूची परांची. एका खोलीसाठी परांची बांधायची म्हटलं की तो मागे सरतो. आम्ही मग वरच्या-खालच्या सगळ्यांशी बोललो, चार घरांचे पाईप खराब होते, आणि एकाच परांचीत पूर्ण लाईन करून घ्या असं मालकाला सांगितलं. हे त्याला पटलं, कारण नाहीतर दरवर्षी परांचीचे पैसे वेगळे. आणि हे सगळं मार्च-एप्रिलमध्ये उरकायला बघा, जूनमध्ये घरगल्लीत कोणी चढत नाही.

तोंडी सांगू नका. भाडं न्यायला येणाऱ्या मेहताजींना सांगितलेलं वरपर्यंत पोचतंच असं नाही. पत्र लिहा, फोटो जोडा, सगळ्यांच्या सह्या घ्या, स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती आणि डिलिव्हरीचा प्रिंट जपून ठेवा. आमच्या पत्रातला मुख्य भाग साधारण असा होता:

'दुसऱ्या माळ्यावरील खोलीच्या मोरीच्या ट्रॅपपासून मागील उभ्या लाईनपर्यंतचा बिडाचा पाईप तडकलेला आहे. याआधी तीनदा तात्पुरती दुरुस्ती झाली, ती टिकली नाही. पूर्ण पाईप ट्रॅपसकट बदलून, भिंतीतील भोक बुजवून, खालच्या खोलीच्या छताचे प्लास्टर करून द्यावे. पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत काम न झाल्यास महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999, कलम 14 प्रमाणे आम्ही काम करून घेऊ आणि खर्च भाड्यातून वळता करू.'

हे कलम भाडेकरूंसाठी खरंच कामाचं आहे. घर राहण्यालायक दुरुस्तीत ठेवणं ही मालकाची जबाबदारी, त्याने नाही केलं तर कमीत कमी 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः करू शकतात. पण एका वर्षात भाड्याच्या एक चतुर्थांशपेक्षा जास्त कापता येत नाही हे नीट लक्षात ठेवा. महिना 400 भाडं असेल तर वर्षाचे 4800, म्हणजे कापता येणार 1200 रुपये, त्यात प्लंबर येणार पण नाही. बारा भाडेकरू एकत्र आले तर 14400, आणि मग बोलण्यासारखी रक्कम होते. म्हणूनच नोटीस सगळ्यांनी मिळून द्यायची. बिलं पक्की घ्या, हिशेब एका वहीत ठेवा. आणि काहीही झालं तरी रागाने पूर्ण भाडं बंद करू नका, थकबाकी झाली की मालकाच्या हातात आपण आपल्या विरुद्ध केस देतो. पाईपच्या नावाखाली त्याने मोरी-संडासाची सोयच बंद ठेवली तर कलम 29 आहे, त्यासाठी धोबी तलावच्या लघुवाद न्यायालयात जाता येतं, तिथे मात्र वकील घेऊन जा.

लिव्ह अँड लायसन्सवर राहत असाल तर गोष्ट वेगळी, तिथे आधी अॅग्रीमेंटमधला दुरुस्तीचा क्लॉज वाचा. साधारणपणे बारीकसारीक भाडेकरूचं आणि मोठं काम मालकाचं असं लिहिलेलं असतं, पाईप बदलणं मोठ्यात येतं हे व्हॉट्सअॅपवर त्याच्याकडून लेखी कबूल करून घ्या. तुम्ही पैसे घालणार असाल तर आकडा आणि 'पुढच्या भाड्यातून वजा करा' हे त्याचं उत्तर आल्याशिवाय एक रुपया काढू नका. सोसायटीत बाहेरची कॉमन लाईन सोसायटीच्या खर्चात येते आणि फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची गळती त्या त्या मेंबरच्या, मॉडेल बायलॉजमध्ये असंच आहे. तुम्ही मेंबर नाही, त्यामुळे सेक्रेटरीला पत्र मालकाच्या सहीने जायला हवं. ते पत्र तुम्हीच टाईप करून त्याला पाठवा, नाहीतर महिना जातो.

तरीही कोणी हलत नसेल तर मुंबई महापालिकेच्या 1916 या हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, नंबर लिहून घ्या आणि तो नंबर घेऊन वॉर्ड ऑफिसला स्वतः जा. घरगल्लीत सांडपाणी साचतंय, डास होतायत, हे फोटोसकट दाखवा. उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी) इमारत असेल आणि पाण्याने स्लॅब किंवा बीम फुगला असेल, सळ्या दिसत असतील, तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे पण अर्ज द्या, कारण मग तो विषय नुसत्या पाईपचा राहत नाही.

काम चालू असताना घरी थांबा. प्लंबर जुना पाईप पूर्ण काढतो की अर्धा भिंतीत ठेवतो ते बघा, भोक बुजवायच्या आधी फोटो काढा. सोल्युशनचे जॉइंट असतील तर रात्रभर पाणी सोडू नका. सकाळी दोन बादल्या एकदम ओता आणि प्रत्येक जॉइंटखाली कोरडा पेपर धरा, पेपरवर ओलीचा ठिपका लगेच कळतो, नुसतं हात लावून कळत नाही. मग लाल रंगाची टेस्ट परत करा. हे झाल्याशिवाय काम मिळालं म्हणून सही करायची नाही.

खालच्या छताला रंग मात्र लगेच लावू देऊ नका. मालकाला बिल एकदाचं संपवायचं असतं म्हणून तो दुसऱ्याच दिवशी पेंटर पाठवतो. काकूंच्या छतावर आम्ही पेन्सिलने डागाच्या कडेने रेघ मारून तारीख टाकली, चार आठवडे दर रविवारी बघितलं, डाग रेघेच्या बाहेर गेला नाही आणि हाताला कोरडं लागायला लागलं, तेव्हा सुटलेलं प्लास्टर खरवडून नवीन केलं आणि त्यानंतर रंग.