व्हिएतनामच्या ‘हा जांग’ घाटात बाइक चालवताना या चुका टाळा

ताम्हिणी, वरंध, माळशेज, आंबोली ही यादी जिभेवर असलेली आमची पाच जणांची टोळी. त्यामुळे व्हिएतनामच्या उत्तर टोकाला, चीनच्या सीमेला लागून असलेल्या हा जांगच्या डोंगरात बाइक चालवायची म्हटल्यावर कुणाच्याही पोटात गोळा आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. चार दिवसांत साडेतीनशे किलोमीटरची फेरी करून परतल्यावर हिशोब मांडला, तर जवळपास प्रत्येक चूक ‘घाट तर आपल्याला येतो’ या भरवशावर झालेली.

रिकाम्या रस्त्यावरचं डावं-उजवं

तिथे वाहतूक उजवीकडून चालते. हे सगळ्यांना माहीत असतं आणि गर्दीत कुणी चुकतही नाही, कारण पुढच्याच्या मागे जायचं असतं. घात होतो तो मोकळ्या रस्त्यावर, थांबून पुन्हा निघताना. येन मिन्हच्या अलीकडे आम्ही चहाला थांबलो. निघताना आमच्यातला सर्वांत सावध गडी, जो सकाळपासून बाकीच्यांना दटावत होता, तोच आरामात डाव्या बाजूला लागला. वळणावर समोरून ट्रक आला तेव्हा तो ट्रकवाल्यालाच शिव्या घालत होता. ट्रकवाल्याने वेग आधीच कमी केला होता म्हणून निभावलं.

त्या संध्याकाळी औषधाच्या डब्यातली चिकटपट्टी काढून प्रत्येकाच्या स्पीडोमीटरवर उजवीकडचा बाण चिकटवला. पोरकट वाटेल, पण पुन्हा कुणी चुकलं नाही.

वळणांची गोष्ट मात्र बाणाने सुटत नाही. आपल्याकडे डावं वळण म्हणजे आपली लेन आतल्या बाजूला. डावा कठडा धरून अंग झुकवायचं, ही सवय वर्षानुवर्षांची. तिथे डाव्या वळणावर आपली लेन बाहेरची असते. सवयीने डावा काठ धरलात की सरळ समोरच्याच्या लेनमध्ये. उजवं वळण आतलं आणि आखूड, त्यात वेग जास्त असेल तर गाडी आपोआप मधली रेषा ओलांडते. दोन्ही चुकांचा शेवट ट्रकसमोरच. यावर उपाय एकच: वेग वळणाच्या आधी उतरवायचा आणि वळताना नजर रस्त्याच्या उजव्या काठावर ठेवायची. आंधळ्या वळणाआधी हॉर्न द्या, तिथले ट्रकवालेही देतात.

परमिट आहे, पण चालत नाही

आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढलं की झालं, असं आम्हालाही वाटलं होतं. आपलं परमिट १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे मिळतं. व्हिएतनाम मानतो ते १९६८ च्या व्हिएन्ना कराराचं. म्हणजे आपल्या कागदावर तिथे शंभर-दीडशे सीसीची गाडी चालवणं बेकायदा. भाड्याने देणारा काही विचारत नाही, म्हणून चालतं असं समजू नका. दंडापेक्षा मोठा धोका विम्याचा आहे. वैध परवाना नसताना अपघात झाला, तर प्रवास विमा कंपनी सहसा हात वर करते.

मग जायचंच नाही का? पन्नास सीसीच्या आतल्या गाडीला परवाना लागत नाही, पण चढावर तिची दमछाक होते. चांगला मार्ग म्हणजे ‘इझी रायडर’: स्थानिक चालक गाडी चालवतो, तुम्ही मागे बसता. आमच्यातल्या दोघांनी परमिटचं कळल्यावर हाच मार्ग धरला. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना चिडवलं. मा पी लेंगच्या खिंडीत ते दोघं निवांत खालची हिरवी न्हो क्वे नदी बघत होते आणि आम्ही फक्त डांबर. कुणी कुणाला चिडवायचं, ते तुम्हीच ठरवा. आज विचाराल तर आम्ही तिघांनीही मागेच बसायला हवं होतं.

रात्रीची बस, सकाळची किक

हनोईहून हा जांग शहर सुमारे तीनशे किलोमीटर. स्लीपर बस भल्या पहाटे उतरवते आणि एक दिवस वाचला म्हणून लोक तसेच गाडीवर बसतात. आम्हीही बसलो. क्वान बाच्या चढावर एक जण चालत्या गाडीवर पेंगला. तो दिवस झोपेला द्या.

उतारावर ब्रेकचा वास

भाड्याच्या गाड्यांत बऱ्याचशा होंडा वेव्हसारख्या सेमी-ऑटोमॅटिक असतात. क्लचची मूठ नसते, गिअर पायाने. बुलेटवर पोसलेला हात दोन दिवस हवेत क्लच शोधत राहतो. ऑटोमॅटिक स्कूटरवर तर जास्त पंचाईत: डाव्या मुठीत ब्रेक असतो आणि ‘क्लच’ समजून दाबला की गाडी जागेवर उभी.

तरीही सोय म्हणून स्कूटर घेऊ नका. लांब उतारावर स्कूटरला इंजिनचा ब्रेक (खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीचा वेग रोखून धरतं ते) जेमतेम मिळतो, सगळा भार ब्रेकवर येतो. न्हो क्वेच्या होडीच्या धक्क्याकडे उतरणारा रस्ता नागमोडी आणि तीव्र आहे. जळका वास आला किंवा ब्रेकची मूठ नेहमीपेक्षा आत जायला लागली, तर तिथेच थांबा, अर्धा तास गाडी निवू द्या, वर पाणी ओतू नका. सेमी-ऑटोवर दुसऱ्या गिअरमध्ये उतरलात तर ही वेळ सहसा येत नाही.

गाडी ताब्यात घेताना टायरची नक्षी, दोन्ही ब्रेक, दिवे आणि हॉर्न बघा, आणि सगळ्या बाजूंनी व्हिडिओ काढा. आमच्याकडून परत करताना एका जुन्या ओरखड्याचे पैसे मागितले गेले; व्हिडिओ दाखवल्यावर विषय मिटला. अनामत म्हणून मूळ पासपोर्ट देऊ नका, रोख द्या.

‘सांग’ आणि ‘चाय’

पेट्रोलला तिथला शब्द साधारण ‘सांग’ असा ऐकू येतो. पंपावर जाऊन ‘सांग’ म्हणायचं, आणि तो काही सांगत नाही, टाकी भरतो. वेव्हची टाकी चार लिटरच्या आतली. त्यामुळे येन मिन्ह, डोंग वान, मेओ वाक या प्रत्येक मोठ्या गावात भरून घ्या. पैसे देताना नोट दोनदा बघा. वीस हजार डाँगची नोटही निळी आणि पाच लाखांचीही निळीच.

पंक्चर झालं तर ‘सुआ से’ म्हणजे गाडी दुरुस्ती. रोमन लिपीतली तीच पाटी प्रत्येक गावात दिसते, तिचा फोटो मोबाइलवर ठेवा. हवा गेलेल्या चाकावर गाडी रेटू नका, ट्यूब फाटते आणि मग ठिगळ लागत नाही.

शाकाहारींची गंमत वेगळी. ‘चाय’ म्हणजे तिथे शाकाहार, आणि चहा म्हणजे ‘चा’. आमच्या मित्राने संध्याकाळी मोठ्या हौसेने ‘चाय, चाय’ केलं आणि पाचही जणांसमोर उकडलेला पाला आणि टोफू आला. पण ‘चाय’ म्हणूनही भागत नाही, कारण माशाचा सॉस, नुओक माम, जवळपास सगळ्यात असतो आणि फो या नूडल सूपचं पाणी हाडांचं. मेन मेन हा वाफवलेल्या मक्याचा भरडा मिळाला तर घ्या, आपल्या कण्यांचा भाऊच. शेंगदाण्याची चटणी घरून न्या, बाजूला बसलेले कोरियन पर्यटकही मागून खातात.

मक्याची दारू

होमस्टेत जेवताना यजमान मक्याची दारू ओततो आणि ‘मोत, हाय, बा, यो!’ (एक, दोन, तीन, चिअर्स!) म्हणत पेला रिकामा करायला लावतो. नाही म्हणणं जड जातं, कबूल. पण २०२० पासून तिथे गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात किंवा श्वासात दारू चालतच नाही, थोडी चालेल अशी मर्यादा नाही. रात्रीची सकाळी उतरली असेल असं धरून चालू नका. पहिला पेला घ्यायचा आणि दुसऱ्याच्या वेळी तो पालथा ठेवायचा, एवढं आम्हाला जमलं. एकाला नाही जमलं. त्याने दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एका इझी रायडरची मागची सीट पटकावली आणि ज्याची सीट गेली तो दोन वाजेपर्यंत होमस्टेच्या ओसरीवर बसून राहिला.

बॅक लीड

सह्याद्रीत ट्रेकला बॅक लीड, म्हणजे कुणी मागे राहू नये म्हणून सर्वांत शेवटी चालणारा गडी, नसेल तर आम्ही निघत नाही, आणि बाइकवर मात्र ते सोयीस्कर विसरलो. मेओ वाकला रस्ता फुटतो: एक माऊ दुएकडून दू जाच्या दिशेला, दुसरा काओ बांग प्रांताकडे. पुढचे दोघं वळून गेले, मागचा सरळ काओ बांगच्या रस्त्याला लागला. डोंगरात मोबाइलला रेंज येऊनजाऊन. तो एका दुकानात नूडल्स खात बसलेला सापडला तेव्हा अंधार पडत आला होता.

दुसऱ्या दिवसापासून नियम केला: फाट्यावर पुढच्याने थांबायचं, मागचा आरशात दिसेपर्यंत हलायचं नाही, आणि सर्वांत सावकाश चालवणारा दुसऱ्या नंबरला. बॅक लीड म्हणून नूडल्सवाल्यालाच नेमलं. शेवटच्या दिवशी तोच फाट्यावर आमच्यासाठी ताटकळत बसला होता, कारण आम्ही फोटो काढायला मागे राहिलो होतो.