खान्देशातल्या घरात ओपन किचन करायचंय? भिंतीआधी धुराचं बघा

ओपन किचनबद्दल विचारणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, भिंत पाडायला किती लागतील? अहो, भिंत पाडणं हे यातलं सगळ्यात स्वस्त काम. जळगाव-भुसावळकडे ही कामं करत आलोय त्यावरून सांगतो, पैसा आणि डोकं दोन्ही लागतं ते फोडणीचा ठसका सोफ्यापर्यंत येऊ न देण्यासाठी. आणि त्याबाबत जे सल्ले फिरत असतात ते देणाऱ्यांच्या घरी काळा मसाला कधी भाजला जात नसावा असंच वाटतं.

भांडी बाहेर काढा, गॅस गॅलरीत मांडा वगैरे सांगत बसत नाही. काम दिवाळीनंतर काढा एवढं मात्र ऐका. उन्हाळ्यात कितीही पाणी मारलं तरी गिलावा भराभर सुकतच जातो, वर तोडफोडीची धूळ कूलरच्या गवतात बसून चिखल होतो तो वेगळाच. आणि "आखाजीच्या (म्हणजे अक्षय तृतीयेच्या) आत देतो" म्हणणाऱ्या मिस्त्रीवर विसंबून लेकींना माहेरी बोलावू नका, पुरण वाटायला ओटा जागेवर नसेल.

आता भिंत. "ठोकून बघा, पोकळ वाजली तर पाडा" हा सल्ला देणाऱ्याला घरात घेऊ नका. कॉलम-बीमच्या इमारतीतली साडेचार इंची भिंत बहुतेक वेळा नुसती आडोशाची असते, पण जुन्या कॉलनीतल्या बंगलीत नऊ इंची भिंतीवर सरळ स्लॅबच टेकलेला असतो, आणि गावातल्या धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात तर वरच्या लाकडी कड्या नेमक्या त्याच भिंतीत घुसलेल्या असतात. कड्या कुठल्या दिशेने गेल्यात ते खालून दिसतं, स्लॅबचं दिसत नाही, त्यामुळे स्ट्रक्चरल इंजिनियरला घर दाखवा, नकाशा नाही, घर. भार असलेली भिंत निघालीच तर तो लोखंडी गर्डर सांगेल आणि त्याची टोकं कशावर टेकवायची तेही सांगेल. हे दुसरं नीट ऐकून घ्या, कारण आधी अख्ख्या भिंतीवर पसरलेलं वजन आता दोन ठिकाणी येणार आणि खाली आपली काळी माती आहे, पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. घराला आधीच तिरप्या चिरा असतील तर त्या लपवू नका, इंजिनियरला पहिल्यांदा त्याच दाखवा. टेकू लावल्याशिवाय एक वीट काढायची नाही, भिंत वरून खाली उतरवायची, आणि तिच्यातली वायर नि पाण्याची लाइन आधी बंद करून वळवायची. फ्लॅट असेल तर सोसायटीची लेखी परवानगी, आणि भार असलेल्या भिंतीला हात लावायचा तर महापालिका किंवा नगरपालिकेतही चौकशी करा.

झालं, आता खरं दुखणं. या धुराने सुरुवातीच्या कामांत मलाही लय छळलंय. भिंत असताना मिरचीचा ठेचा तव्यावर पडला की ठसका स्वयंपाकघरातच राहतो, बाई खोकते, खिडकी उघडते, विषय संपला. भिंत गेली की तोच ठसका टीव्हीसमोर बसलेल्या पाहुण्याच्या नाकात, आणि तेलाचा चिकट थर पडद्यावर, पंख्याच्या पात्यांवर, देवघराच्या काचेवर. लोक म्हणतात मोठी चिमणी घ्या. खोक्यावर छापलेला हवा ओढण्याचा आकडा पाइप न जोडता मोजलेला असतो, तुमच्या घरी त्या पाइपाला तीन वळणं पडली की त्यातलं बरंचसं तिथंच जातं. म्हणून शेगडी बाहेरच्या भिंतीला लागूनच ठेवा, म्हणजे पाइप सरळ मागे बाहेर. सहा इंची आउटलेट असेल तर पाइपही सहा इंचीच, जागा नाही म्हणून चारवर आणायचा नाही, आणि तो घड्यांचा ॲल्युमिनियमचा लवचिक पाइप लांब ताणायचा नाही, घड्यांत तेल साठतं, गुळगुळीत पाइप घ्या. चिमणीचं हूड शेगडीपासून २६ ते ३० इंचांवर, रुंदीला शेगडीपेक्षा कमी नको. बाहेरच्या तोंडाला झडप लावा, नाहीतर वारा सुटला की सगळं उलटं घरात. आणि पाइप नसलेली, कोळशाच्या फिल्टरची चिमणी कोणी फुकट दिली तरी नको, ती वाफ आणि उष्णता फिरवून परत तुमच्याच तोंडावर मारते.

हॉलच्या मधोमध बेट, म्हणजे सुटा ओटा करून त्यावर शेगडी? आपल्याकडे नाहीच. बेटावर भाजी चिरा, नाश्ता करा, मुलांचा अभ्यास घ्या, शेगडी नको. चहूबाजूंनी वारा लागतो, धूर हुडाखाली थांबतच नाही.

आणि वारा म्हटलं की कूलर, ज्याचा विचार इंटिरियरवाले करतच नाहीत. मार्च ते जून आपल्या हॉलच्या खिडकीत कूलर घोंघावत असतो. मधली भिंत काढली की त्याचा झोत सरळ गॅसवर, ज्योत आडवी पडते, कढई तापायला दुप्पट वेळ, कधी बारीक आच विझते आणि गॅस तसाच सुटत राहतो. हे चिडचिडीपुरतं नाही, धोक्याचं आहे. मग बाई स्वयंपाक करताना कूलर बंद करते आणि ४४ डिग्रीत अख्खं घर घामाघूम.

उपाय आहे, पण तो भिंत पाडायच्या आधी करायचा. स्वयंपाकघराचं दार सताड उघडं ठेवा, कूलर फुल्ल करा, शेगडीच्या जागी उदबत्ती लावून उभे राहा आणि धूर कुठे जातो ते बघा. दारातून येणाऱ्या वाऱ्याने तो मागच्या खिडकीकडे जात असेल तर नशीबवान आहात, कूलर हॉलमधून हवा ढकलतो आणि ती स्वयंपाकघरातून बाहेर पडते, म्हणजे कूलरच तुमचा दुसरा एक्झॉस्ट. धूर जागीच गोल फिरत असेल तर त्या बाजूला हवा बाहेर जायला वाट नाही, तिथे खिडकी मोठी करा किंवा एक्झॉस्ट पंखा बसवा, मगच हातोडा. कूलर आणि शेगडी समोरासमोर येत असतील तर कूलरची खिडकी बदला, आणि ते जमत नसेल तर सगळी भिंत काढूच नका, ओट्याच्या वर फूटभर जाईल एवढी अर्धी भिंत राखा नि शेगडीसमोर टफन काच उभी करा. दिसायला मोकळं आणि ज्योत सरळ. माझं मत विचाराल तर आपल्याकडच्या दहातल्या आठ घरांना ही अर्धी भिंतच शोभते, पूर्ण मोकळं फक्त फोटोत.

एवढं करूनही काही गोष्टी घरात करायच्याच नाहीत. बामणोदची वांगी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या) जाळावर भाजायची, खापरावर मांडे टाकायचे, मसाल्याचं खोबरं-कांदा काळं करायचं, हे कोणतीही चिमणी झेपवणार नाही. मागच्या अंगणात, नाहीतर गच्चीवर छपराखाली एक साधी चूल किंवा जुनी शेगडी ठेवा, शहाबादीचा छोटा ओटा, जवळ नळ. अशी जागा निघत नसेल आणि घरात हे सगळं होत असेल तर ओपन किचनचा नाद सोडा, पैसे माळ्यावर आणि ट्रॉल्यांवर घाला.

बाकी सोपं आहे. भिंतीखालची फरशी जुन्याशी जुळणार नाही, शोधत फिरू नका, तिथे ग्रॅनाइटची पट्टी टाका. ओट्याची उंची तो वापरणाऱ्या माणसाला उभं करून ठरवा. ओव्हन आणि मिक्सरसाठी वेगळी लाइन. भिंतीला धुता येणारा रंग.

गॅसची नळी आयएसआय मार्कचीच, पाच वर्षांनी बदलायची. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचतो, म्हणून सिलिंडर बंद ट्रॉलीत ठेवणार असाल तर तिला तळाशी जाळी हवी, आणि डिटेक्टर घेतलाच तर तो छताला नाही, जमिनीपासून फूटभर वर.