रिमोट फेकण्याआधी
नवे सेल टाकूनही रिमोट चालत नसेल तर मोबाईलचा पुढचा कॅमेरा त्याच्या टोकासमोर धरून बटण दाबा. स्क्रीनवर जांभळट उजेड लुकलुकला, तर रिमोट सिग्नल पाठवतोय. दोष टीव्हीकडे शोधा. (मागच्या कॅमेऱ्याला बहुधा हा उजेड अडवणारा फिल्टर असतो, त्यात दिसेलच असं नाही.) उजेड नसेल तर सेलच्या खाचेतली स्प्रिंग बघा. अल्कलाइन सेल गळला की तिथे पांढरी खरपुडी धरते. ती अल्कधर्मी, म्हणून कापसाच्या काडीवर व्हिनेगरचे २-३ थेंब घेऊन लावा; जास्त घेतलं तर सर्किटवर ओघळेल. फसफस थांबली की पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल (पटकन उडून जाणारं सफाईचं द्रव) फिरवून पूर्ण सुकू द्या. हातमोजे मात्र घालाच, हा क्षार कातडीला चांगलाच झोंबतो.