हाडांचा सापळा झालेला घोडा सावरताना

उपाशी घोडा दारात आला की हात आधी धान्याच्या पोत्याकडे जातो. तो आवरा. महिनोन्महिने उपासमार सोसून तग धरलेले घोडे भरपेट खुराक मिळाल्यावर तीन ते पाच दिवसांत दगावतात, आणि हे टाळणे बऱ्याच अंशी चारा घालणाऱ्याच्या हातात असते.

उपासमारीत शरीर आधी साठवलेली साखर, मग चरबी आणि शेवटी स्नायू जाळते. त्यात हृदयाचा स्नायूही झिजतो. शरीरातले फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे साठे रिते होत जातात, पण रक्ततपासणीत त्यांची पातळी पुष्कळदा ठीक दिसते. अशा घोड्याला एकदम पिष्टमय खुराक दिला की इन्सुलिन उसळते. साखरेबरोबर हे क्षारही रक्तातून पेशींत ओढले जातात आणि रक्तातली पातळी कोसळते. मग हृदय, श्वसन आणि मूत्रपिंड एकामागून एक हात टेकतात. याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात. म्हणून पहिल्या दहा दिवसांत धान्य, भरडा, गोड घातलेला खुराक, टॉनिक यांतले काहीही नको.

आल्या दिवशी

उभाच राहू न शकणारा घोडा गाडीत चढवू नका. पशुवैद्याला तिथेच बोलवा. घोडा पोहोचल्यावर त्याला इतर जनावरांपासून दूर, वेगळ्या ठाणात बांधा आणि किमान तीन ते चार आठवडे तसाच ठेवा. बादली, खरारा, म्होरकी, फावडे, सगळे त्याचे स्वतंत्र. आपल्या घोड्यांचे काम आधी, याचे शेवटी. स्ट्रँगल्स हा घशाच्या गाठींचा आजार असाच पसरतो, आणि त्यात ताप पहिल्यांदा येतो. म्हणून दिवसातून दोनदा ताप मोजा. निरोगी घोड्याचे तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६ असतात. जिथे ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग आढळतो तिथे त्याची रक्ततपासणी करून घ्याच. तो माणसालाही होतो. घोडी असेल तर ती गाभण आहे का, हेही पशुवैद्याकडून पाहून घ्या.

दोन्ही बाजूंनी, पुढून आणि मागून फोटो काढा, तारीख लिहा. मालकाविरुद्ध तक्रार होणार असेल तर हेच फोटो आणि पशुवैद्याचा लेखी अहवाल उपयोगी पडतात.

घोडा किती खंगला आहे हे डोळ्यांनी ठरवू नका, कारण वाढलेली केसाळ लव फसवते. मान, खांद्यांमधला उंचवटा, खांद्यामागचा भाग, फासळ्या, पाठ आणि शेपटीचे मूळ या सहा जागा हाताने चाचपा. डॉन हेनेके यांच्या १९८३ च्या पद्धतीत १ ते ९ गुण देतात. कुठेच चरबी लागत नाही आणि मणके, फासळ्या, कमरेची हाडे उघडी पडली आहेत, तो १. फासळ्या दिसत नाहीत पण हाताला सहज लागतात, तो ५.

वजनाचा अंदाज टेपने काढता येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. घेर १५० आणि लांबी १४५ असेल तर सुमारे २७५ किलो. औषधाची मात्रा याच वजनावर ठरते, घोडा धडधाकट असताना जे असेल त्यावर नाही.

चारा: किती, कधी

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी उपाशी घोड्यांवर वेगवेगळे आहार तपासले, त्यात पाल्याचा वाळलेला लसूणघास सरस ठरला. त्यात प्रथिने, फॉस्फरस आणि मॅग्नेशियम भरपूर आणि पिष्ट फार थोडे, म्हणजे नेमके जे हवे ते. निरोगी असताना साधारण ४५० किलो भरेल अशा घोड्यासाठी हिशेब असा:

पहिले तीन दिवस दर चार तासांनी अर्धा किलो, रात्रीसुद्धा. दिवसाचे सहा वेळा, एकूण सुमारे तीन किलो. चौथ्या-पाचव्या दिवशी प्रत्येक वेळचे प्रमाण थोडे वाढवा आणि वेळा कमी करा. सहाव्या दिवशी दर आठ तासांनी सुमारे दोन किलो, म्हणजे दिवसाला सहा किलोच्या आसपास. सगळे सुरळीत असेल तर दहाव्या दिवसापासून खाईल तेवढा, दिवसातून दोनदा. लहान चणीच्या तट्टासाठी वजनाच्या प्रमाणात कमी करा. वाळला चारा अंदाजाने घालू नका, प्रत्येक वेळी काट्यावर तोला; घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यातली मूठ आणि सुट्या चाऱ्यातली मूठ यांत फार फरक पडतो.

रात्रीची पाळी चुकली म्हणून सकाळी दुप्पट घालणे ही सर्वांत घातक चूक. चुकलेली पाळी सोडून द्या. घोडा रिकाम्या बादलीवर खूर आपटेल, खिंकाळेल. ते ऐकवत नाही, पण वेळापत्रक मोडू नका.

पाणी कायम समोर हवे, स्वच्छ, आणि थंडीत कोमट. बादलीवर खुणा करून किती प्याला ते लिहा. फार दिवस पाणीही मिळाले नसेल तर सुरुवातीला थोडे थोडे, वारंवार द्या.

तिसऱ्या ते दहाव्या दिवसांत डोळ्यांत तेल घालून पाहा: अंग थरथरणे, झोकांड्या, पाय किंवा पोटाखाली सूज, वाढलेली नाडी, जुलाब, गडद लघवी. यातले काही दिसले तर वाट न पाहता पशुवैद्याला बोलवून रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम तपासून घ्या. परवडत असेल तर लक्षणे नसतानाही या काळात ही तपासणी एक-दोनदा करावी.

आडवा पडलेला घोडा जाड पेंढ्यावर ठेवा, गठ्ठ्यांच्या आधाराने छातीवर टेकवून बसवा आणि दर दोन ते चार तासांनी कूस बदला. प्रयत्न करूनही तीन दिवसांत उठला नाही तर वाचण्याची शक्यता फार कमी उरते. तेव्हा त्याला वेदनारहित मरण देण्याविषयी पशुवैद्याशी मोकळेपणाने बोला. तोही काळजीचाच भाग आहे.

जंत, दात, खूर

इथे घाई नडते. जंतांचे प्रमाण आधी लिदीच्या तपासणीतून काढा. औषध साधारण दोन आठवड्यांनी, घोडा नीट खाऊ लागल्यावर, पशुवैद्याने सांगितलेलेच. मॉक्सिडेक्टिन हे जंतनाशक या टप्प्यात नको: ते चरबीत साठते आणि चरबीच नसलेल्या घोड्यात विषबाधेचा धोका असतो. शिंगरांमध्ये गोलजंत फार असतील तर ते एकदम मरून आतड्यात गोळा होतो आणि पोटशूळ उठतो. केसांत उवाही तपासा.

चारा चावून गोळे करून टाकतो का, लिदीत लांब काड्या दिसतात का, हे पहिल्या दिवसापासून पाहा. तसे असेल तर लसूणघासाच्या दाबून केलेल्या कांड्या (पेलेट) भिजवून, लगदा करून त्याच वजनाच्या हिशेबाने द्या. भूल देऊन दातांची धारदार टोके कानशीने घासणे मात्र अंगात थोडी ताकद येईपर्यंत थांबवा. जखमा असतील तर धनुर्वाताबद्दल लगेच विचारा. बाकीच्या लसी नंतर.

खूर वाकडे वाढले असतील तर नालबंदाला एकाच वेळी सगळे कापू देऊ नका. दर तीन-चार आठवड्यांनी थोडे थोडे. अशक्त घोडा तीन पायांवर फार वेळ उभा राहू शकत नाही.

पुढचे महिने

पहिल्या महिन्यात बदल जाणवतो, पण पूर्ववत व्हायला सहा ते दहा महिने लागतात. आधी पोट सुटल्यासारखे दिसते; पाठ आणि पुठ्ठे नंतर भरतात. चरबीचे कवच नसल्यामुळे थंडी-पावसात झूल लागते, पण रोज काढून खाली हात फिरवा. ओल धरून कातडी सडते. हिरव्या गवतावर सुरुवातीला पंधरा मिनिटे, मग हळूहळू जास्त. धान्य किंवा तेल सुरू करायचेच तर काही आठवड्यांनी: एका वेळी पाव किलो धान्य किंवा दोन चमचे तेल, आणि दोन आठवड्यांत सावकाश वाढ.

ताकद आली की काही घोडे चाऱ्यावरून चावतात, लाथ मारतात. ओरडून उपयोग नाही. चारा आधी ठेवा, मग घोडा आत घ्या, आणि खाताना इतर घोड्यांपासून वेगळा ठेवा. हाताने धरून दहा मिनिटांची चाल पुरेशी. खोगीर गुण ५ च्या जवळ पोहोचून पाठीचे स्नायू भरेपर्यंत नाही.

दर आठवड्याला त्याच टेपने मोजा, दर महिन्याला फोटो काढा. पुरेसा चारा खाऊनही दोन महिन्यांत घेर वाढत नसेल तर चारा वाढवत बसू नका. दात पुन्हा तपासा, लीद पुन्हा तपासायला द्या आणि यकृत, मूत्रपिंड, जठरातील व्रण यांची तपासणी मागून घ्या.