मेल सर्व्हर सुरू होत नाही? या चुका टाळा

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की भर दुपारी वीज जाते, यूपीएस फार वेळ तग धरत नाही आणि कित्येक महिने अखंड चाललेला सर्व्हर बंद पडतो. वीज परत येते, मशीन सुरू होते, पण मेलसेवा उठत नाही. दोष विजेवर ढकलला जातो. माझ्या अनुभवात मूळ कारण बहुतेकदा जुने असते: आधी कधीतरी केलेला बदल सेवा चालू असेपर्यंत झाकलेला राहतो आणि ती नव्याने सुरू होताना उघडा पडतो.

इतवारीतल्या एका पेढीत असेच घडले होते. तिथले हिशेबनीस मला म्हणाले, “भाऊ, सर्व्हर तं चालू दाखवते, मग मेल काऊन उघडत नाही?” मशीन चालू होते, पण डव्हकॉट, म्हणजे आलेली मेल वापरणाऱ्याला उघडून देणारा प्रोग्राम, बंद होते. मी पोहोचण्याआधी कोणीतरी ते तीनदा रीस्टार्ट केले होते आणि आता सगळे काढून नव्याने इन्स्टॉल करण्याची तयारी चालली होती. लॉगमधली, म्हणजे सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदींतली, ‘फेटल’ (गंभीर चूक) या शब्दाची पहिली ओळ मात्र कोणीही वाचली नव्हती. एसएसएलच्या (जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) सेटिंगमधील प्रमाणपत्राची फाइल उघडता येत नाही, असे त्या ओळीत फाइलच्या पूर्ण पत्त्यासह लिहिले होते. काही आठवड्यांपूर्वी साफसफाई करताना जुन्या डोमेनचे फोल्डर पुसले गेले होते; डव्हकॉटने प्रमाणपत्र सुरू होतानाच वाचून ठेवलेले असल्यामुळे तोपर्यंत कोणाला काही जाणवले नव्हते. पत्ता दुरुस्त केला आणि सेवा लगेच सुरू झाली.

म्हणून लॉग न वाचता उपाय करणे ही मी सर्वांत मोठी चूक मानतो. डेबियन व उबंटू या लिनक्स प्रणालींवर मेलचा लॉग सहसा ‘मेल डॉट लॉग’ या फाइलमध्ये, तर रेडहॅटच्या कुळात ‘मेललॉग’मध्ये असतो, दोन्हीकडे लॉग दाखवणारी ‘जर्नलसीटीएल’ ही कमांड चालते. शेवटची ओळ पाहून थांबू नये, कारण ती बहुधा परिणाम सांगते. मूळ कारण तिच्या वरच्या ओळींत असते. डेबियन-उबंटूच्या अनेक आवृत्त्यांत पोस्टफिक्सची (मेल पाठवणाऱ्या व स्वीकारणाऱ्या प्रोग्रामची) मुख्य सेवा नावापुरतीच असते, त्यामुळे आतली खरी सेवा पडलेली असतानाही स्थिती ‘अ‍ॅक्टिव्ह’ दिसते. त्या हिरव्या अक्षरांवर विसंबू नये.

‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ असा संदेश आला, तर २५ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे मेल येण्याचे दार, दुसऱ्या प्रोग्रामने धरलेले असते. सेंडमेल किंवा एक्झिम असा दुसरा मेल प्रोग्राम मशीनबरोबर आपोआप सुरू होत असेल, तर वीज आल्यावर ते आधी जागा पकडते. ‘एसएस’ कमांडने पोर्ट कोणाकडे आहे ते पाहावे आणि नको असलेली सेवा कायमची बंद करावी. नुसती प्रक्रिया मारली, तर पुढच्या वेळी तोच प्रसंग उभा राहतो.

‘परमिशन डिनाइड’ दिसताच सगळ्या फोल्डरना ७७७ परवानगी (सर्वांना सगळे काही करण्याची मुभा) देणे म्हणजे वडाची साल पिंपळाला लावणे आहे. पोस्टफिक्सच्या फोल्डरांची मालकी ठरलेली असते, ती ‘पोस्टफिक्स सेट-परमिशन्स’ने पूर्ववत होते, ७७७ ने मात्र तुमच्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली (प्रायव्हेट की) मशीनवरच्या प्रत्येकाला वाचता येते.

पोस्टफिक्सच्या ‘मेन डॉट सीएफ’ या सेटिंगच्या फाइलमध्ये सेटिंगच्या ओळीच्या शेवटी टीप लिहू नये. हॅशचे चिन्ह ओळीच्या आरंभी असेल तरच ती टीप ठरते, अन्यथा तो मजकूर सेटिंगचाच भाग मानला जातो. तसेच मोकळ्या जागेने सुरू होणारी ओळ मागच्या ओळीला जोडली जाते. बदलानंतर ‘पोस्टफिक्स चेक’ आणि ‘डव्हकॉन्फ -एन’ या सेटिंग तपासणाऱ्या कमांड चालवण्यास मिनिटही लागत नाही. डिस्क भरली आहे का, हेही पाहावे. जागा शिल्लक दिसली तरी आयनोड, म्हणजे प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी, संपलेले असू शकतात.

घाबरून मेलची रांग मात्र पुसू नये. तिच्यात तुमच्याच लोकांनी पाठवलेली, अजून न पोहोचलेली पत्रे असतात. बाहेरून येणारी मेल पाठवणाऱ्याच्या सर्व्हरवर थांबते आणि ती पुन्हापुन्हा पाठवून पाहिली जाते. पोस्टफिक्समध्ये ही मुदत मुळात पाच दिवसांची असते. म्हणजे लॉग शांतपणे वाचण्याइतका वेळ तुमच्याकडे असतो. सेवा सुरू झाल्यावर ‘मेलक्यू’ने रांग उतरत आहे का ते पाहावे आणि बाहेरच्या खात्यावरून एक मेल पाठवून ती इनबॉक्समध्ये येईपर्यंत तिथून उठू नये.