जुनी चारशे एमएम, आजचा कॅमेरा: कॅनन ईएफ ४०० एफ ५.६ घेताना आणि वापरताना

कॅननची ईएफ ४०० एमएम एफ ५.६ एल यूएसएम ही लेन्स १९९३ सालची. आत ६ गटांत ७ भिंगं, त्यांतलं एक सुपर यूडी आणि एक यूडी काचेचं, म्हणजे कडांवरची रंगीत झाक कमी करणाऱ्या खास काचेचं. वजन १२५० ग्रॅम, लांबी साधारण साडेपंचवीस सेंटिमीटर, पुढचा फिल्टर ७७ एमएमचा, आणि जवळात जवळ फोकस साडेतीन मीटरवर. रचना इतकी साधी आहे म्हणूनच तिची काच आजच्या सेन्सरपुढेही टिकते. एफ ५.६ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवूनही, पक्ष्याच्या पिसांचे तंतू सुटे दिसतात. जुनं झालंय ते बाकीचं. तिच्यात इमेज स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताची थरथर भरून काढणारी सोय, नाही, पाऊस-धूळ अडवणारं रबरी सील नाही, आणि फोकसची मोटर फिल्म कॅमेऱ्यांच्या जमान्यातली आहे. या उणिवा काही कॅमेऱ्याने आणि काही हाताने भरून काढायच्या, एवढंच काम उरतं.

ते आज सोपं का झालंय, हे एका हिशेबाने कळतं. कडक उन्हात १०० आयएसओच्या फिल्मवर एफ १६ ला १/१०० सेकंद, हा जुना ठोकताळा. एफ ५.६ ला तो १/८०० होतो. पक्षी झाडाच्या सावलीत गेला, प्रकाश तीन स्टॉप उतरला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट), की पुन्हा १/१००. चारशे एमएम हातात धरून १/१०० वर धारदार फोटो येणं कठीणच. आज त्याच सावलीत आयएसओ ३२०० ठेवला की पाच स्टॉप परत मिळतात आणि शटर १/३२०० वर जातं. ३२०० चा नॉईज, म्हणजे फोटोतला रवाळपणा, आताच्या कॅमेरा बॉडीवर सहज निभावतो.

विकत घेताना

ही लेन्स आता जुन्या बाजारातच मिळते, त्यामुळे प्रत्यक्ष हातात घेऊन तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. सोबत कॅमेरा आणि मोबाइलपेक्षा प्रखर अशी छोटी टॉर्च न्या.

ईएफ लेन्सचं अ‍ॅपर्चर कॅमेऱ्यावर नसताना पूर्ण उघडं असतं, त्यामुळे आत बघायला काही खटाटोप लागत नाही. दोन्ही झाकणं काढा, मागून टॉर्च तिरपी मारा आणि पुढून बघा. सुटे ठिपके म्हणजे धूळ. ती तीस वर्षांच्या लेन्समध्ये असणारच आणि फोटोत दिसत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे, एका बिंदूतून फुटलेले बारीक धागे दिसले तर ती बुरशी. कडेला चिमूटभर असेल तर फोटोवर फरक पडणार नाही, पण भाव उतरवून घ्या. भिंगाच्या मधोमध असेल किंवा आतलं भिंग दुधाळ दिसत असेल तर सोडून द्या. बुरशी कोटिंग खाते आणि साफ केल्यावरही तिचा डाग राहतो.

मग कॅमेऱ्यावर लावा. एफ ५.६ वर एक फोटो, मग एफ ८ वर आणि एफ ११ वर पाच-सहा. पूर्ण उघडी असताना चालते पण अ‍ॅपर्चर बंद करताच एरर ०१ येतो, असं झालं तर आधी सोनेरी संपर्कबिंदू कोरड्या मऊ कापडाने पुसून बघा. तरी एरर आला तर अ‍ॅपर्चरची आतली पट्टीसारखी वायर गेलेली असण्याची शक्यता मोठी. इतक्या जुन्या लेन्सचे सुटे भाग मिळवणं अवघड असतं, त्यामुळे अशी लेन्स घेऊच नका.

फोकस जवळच्या वस्तूवरून लांबच्या इमारतीवर दहा-बारा वेळा न्या-आणा. यूएसएम, म्हणजे अल्ट्रासॉनिक, मोटर जवळपास मुक्याने फिरली पाहिजे. किरकिर किंवा मध्येच अडखळणं ही मोटर थकल्याची खूण. मॅन्युअल रिंग पूर्ण पल्ल्यात एकसारखी फिरते का, तेही बोटांनी जाणून घ्या; एखाद्या जागी जड लागली तर लेन्स कधीतरी पडलेली असू शकते.

हूड, म्हणजे पुढच्या काचेवर आडवं ऊन पडू न देणारी नळी, लेन्सलाच जोडलेला असतो; तो पुढे ओढून फिरवला की अडकतो. वापरून वापरून आतली लव झिजते आणि लेन्स आकाशाकडे धरली की हूड मागे घसरतो. लेन्स नाकारण्याजोगं हे कारण नाही. आत पातळ फेल्ट टेपच्या दोन पट्ट्या लावल्या की पुन्हा घट्ट बसतो.

मागच्या बाजूला माउंटजवळ दोन अक्षरं आणि चार आकडे छापलेले असतात. पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरं वर्षाचं: १९८६ साठी ए, तिथून पुढे क्रमाने. म्हणजे एच असेल तर १९९३, आर असेल तर २००३. चारपैकी पहिले दोन आकडे बहुधा महिन्याचे. विकणारा 'चार-पाच वर्षं जुनी' म्हणत असेल तर इथे नजर टाका. अलीकडच्या नगांवर हा कोड नसतो.

कोणत्या बॉडीवर

कॅननच्या आर मालिकेच्या मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर ईएफ-ईओएस आर अडॅप्टर लागतो. त्यात काच नसते, फक्त अंतर आणि विजेचे संपर्क असतात, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही आणि पक्ष्याचा डोळा ओळखणारा ऑटोफोकस या जुन्या लेन्सवरही चालतो. इथे एकच गोष्ट नीट बघा: आर ५, आर ६ आणि आर ७ च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन आहे, आर ८, आर १० आणि आरपीच्या बॉडीत नाही. दुसऱ्या गटातल्या कॅमेऱ्यावर ही लेन्स लावली तर थरथर थांबवणारं कुठेच काही नसतं. बॉडीतलं स्टॅबिलायझेशनही ४०० एमएमला लहान लेन्सइतकं प्रभावी ठरत नाही. त्याचा खरा उपयोग व्ह्यूफाइंडरमध्ये पक्षी स्थिर दिसण्यासाठी आणि बसलेल्या पक्ष्याला १/२०० ते १/४०० वर टिपण्यासाठी.

आरसा असलेल्या डीएसएलआरवर लावणार असाल तर ऑटोफोकस मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट एकदा करून घ्या, म्हणजे फोकस थोडा पुढे-मागे पडत असेल तर तो कॅमेऱ्याच्या मेनूतून जुळवून घ्या. कॅमेरा ट्रायपॉडवर, समोर २० मीटरवर छापील मजकुराचा सपाट कागद सेन्सरशी समांतर, अ‍ॅपर्चर ५.६. लाइव्ह व्ह्यूने फोकस करून काढलेला फोटो आणि व्ह्यूफाइंडरने काढलेला फोटो शेजारी ठेवून तुलना करा. दर वेळी फोकस आधी पार बिघडवा आणि मगच बटण दाबा, नाहीतर मोटर जागची हलतच नाही आणि चाचणी फसवी ठरते. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच ठरत असल्याने या खटपटीची गरज नाही.

दुसऱ्या कंपनीची जुनी लेन्स घेण्याचा विचार असेल तर मोटर कुठे आहे ते आधी विचारा. निकॉनची २००० सालची एएफ-एस ३०० एमएम एफ ४ ही लेन्स निकॉनच्या मिररलेससाठीच्या एफटीझेड अडॅप्टरवर ऑटोफोकस करते, कारण मोटर लेन्समध्ये आहे. बॉडीतल्या स्क्रूने फिरणारी एएफ ८०-२०० एफ २.८ डी त्याच अडॅप्टरवर फक्त हाताने फोकस होते.

सेटिंग

फोकस किती अंतरात फिरेल ते ठरवणारं, लेन्सवरचं लिमिटर बटण बहुतेक जण विसरतात. त्यात दोन खुणा आहेत: ३.५ मीटर ते अनंत, आणि ८.५ मीटर ते अनंत. उडणाऱ्या पक्ष्यांसाठी कायम ८.५ वर ठेवा. फोकस चुकला की मोटर जवळच्या टोकापर्यंत जाऊन परत येते, आणि तेवढ्यात घार फ्रेमबाहेर गेलेली असते; लिमिटरमुळे हा फेरा निम्म्याहून कमी होतो. बागेत शिंजीर किंवा फुलपाखरू टिपायचं असेल तेव्हा मात्र ३.५ वर आणायला विसरू नका, नाहीतर लेन्स बिघडली असं वाटेल.

अ‍ॅपर्चर ५.६ वरच ठेवा. दहा मीटरवरच्या पक्ष्याला फुल फ्रेमवर (३६ x २४ एमएमच्या सेन्सरवर) पुढे-मागे मिळून सुमारे २० सेंटिमीटर स्पष्ट खोली मिळते, ती पुरते. पाच मीटरवर ती ५ सेंटिमीटरच उरते. चोच आणि डोळा दोन्ही हवे असतील तर एफ ८. त्यापुढे जाऊन हाती काही लागत नाही आणि शटर मात्र हळू होतं.

लेन्स हातात धरली असेल आणि स्टॅबिलायझेशन नसेल तर बसलेल्या पक्ष्यासाठी १/८००, उडणाऱ्या चित्रबलाकासारख्या मोठ्या, संथ पक्ष्यासाठी १/१६००, नदी सुरय किंवा खंड्यासाठी १/३२००. फुल फ्रेमपेक्षा लहान अशा क्रॉप सेन्सरवर दृश्य ६४० एमएमइतकं जवळ येतं, त्यामुळे थरथरही तेवढीच मोठी दिसते. तिथे बसलेल्या पक्ष्यालाही १/१२५० च्या खाली सहसा उतरू नका. मॅन्युअल मोडमध्ये शटर आणि अ‍ॅपर्चर पक्कं करून आयएसओ ऑटोवर सोडणं सगळ्यात सोयीचं. पांढरा बगळा गडद पाण्यावर असेल तर एक्स्पोजर दोन-तृतीयांश स्टॉप ते एक स्टॉप उणे करा, नाहीतर पिसं जळतात.

सेकंदाला २०-३० फोटोंचा मोह टाळा. ही मोटर दोन फ्रेमच्या मधल्या वेळात फोकस हलवायला पुरी पडत नाही आणि कार्ड अस्पष्ट फोटोंनी भरतं. मेकॅनिकल शटरवर सेकंदाला ८ ते १२ पुष्कळ झाले. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बऱ्याच बॉडींवर फडफडणारे पंख वाकडे येतात, तो त्रासही यात वाचतो.

लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसून दृश्य १.४ पट जवळ आणणारा १.४ चा एक्स्टेंडर लावला तर ५६० एमएम एफ ८ होतं. मिररलेसवर ऑटोफोकस टिकतो, जरा मंदावतो. डीएसएलआरमध्ये मोजक्याच बॉडी एफ ८ ला फोकस करतात, आणि त्याही बहुतेक मधल्या बिंदूवर. अंतर लांब असेल तर मात्र एक्स्टेंडरपेक्षा पुढे सरकण्याचा मार्ग शोधावा. सोळा सेंटिमीटरचा छोटा खंड्या दहा मीटरवर असताना फुल फ्रेमच्या रुंदीचा जेमतेम सहावा भाग व्यापतो. पाच मीटरवर तिसरा. पक्षी घरट्याशी असेल तर हा जवळ जाण्याचा सल्ला लागू नाही. तिथून मागेच फिरायचं.

धरणं आणि टेकवणं

डावा तळहात लेन्सच्या पुढच्या भागाखाली, हूडच्या जवळ. कॉलरखाली, म्हणजे ट्रायपॉडला जोडायच्या कड्याखाली, धरलं तर पुढचं टोक डोलतं. कॉलरचा पाय वरच्या बाजूला फिरवून ठेवला की तळव्याला टोचत नाही. कोपर बरगडीला चिकटवा, अर्धा श्वास सोडून थांबा, आणि एक-एक न काढता तीन-चार फोटोंची छोटी सर काढा. बटण दाबताना आणि सोडताना हात हलतो, त्यामुळे मधला फोटो बहुधा सगळ्यात धारदार निघतो.

ताडोब्यात जिप्सीच्या दांड्यावर किंवा घरच्या गाडीच्या खिडकीवर बीन बॅगसारखा आधार नाही. जाड कॅनव्हासची पिशवी शिवून घ्या आणि तिच्यात दोन किलो राजमा किंवा तांदूळ भरा, तीन-चतुर्थांशच. गच्च भरली तर लेन्स वर घसरते. थोडी सैल असली की लेन्स दाबल्यावर खळगा पडतो आणि ती त्यात बसते. सोफ्यात भरतात ते थर्माकोलचे दाणे फार हलके, त्यांचा उपयोग नाही. इंजिन बंद केल्याशिवाय कोणताच आधार कामाचा नाही, त्यामुळे चालकाला आधीच सांगून ठेवा.

भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून रोहित (फ्लेमिंगो) टिपताना लेन्स काठावर टेकवू नका. होडीचा सगळा कंप त्यातून थेट काचेत उतरतो. मांडी घालून बसा आणि दोन्ही कोपरं गुडघ्यांवर ठेवा. सकाळी नऊ-साडेनऊनंतर पाण्यावरून तापलेली हवा थरथरू लागते, आणि शंभर मीटरवरचा रोहित कितीही शटर वाढवलं तरी लोण्यासारखा मऊच येतो. पुष्कळ जण त्याचा दोष लेन्सला देतात. खात्री करायची असेल तर तेव्हाच दहा मीटरवरच्या एखाद्या बगळ्याचा फोटो काढा. तो धारदार आला तर लेन्स ठीक आहे, लवकर पोहोचायला हवं होतं. स्वस्त यूव्ही फिल्टरही असाच फोटो मऊ करतो. तो काढून टाका, संरक्षणाला हूड पुरे.

पावसाळा

कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर ही लेन्स कपाटात किंवा चामडी केसमध्ये ठेवली तर बुरशी लागणारच. ड्राय कॅबिनेट नसेल तर रबरी कडेचा, हवाबंद झाकणाचा २० लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. आत पाव किलो सिलिका जेल कापडी पिशवीत आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ३० च्या खाली नेलात तर आतलं वंगण आणि रबर सुकतं. जेलचा रंग बदलला की कढईत न भाजता ओव्हनमध्ये १२० अंशांवर दोन तास ठेवा, पूर्ण थंड झाल्यावरच डब्यात टाका. हा ओव्हन स्वयंपाकाचा नसलेला बरा, कारण निळ्या जेलमध्ये कोबाल्टचं क्षार असतं.

एसी गाडीतून दमट हवेत उतरताना लेन्स बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, म्हणजे बाष्प भिंगाऐवजी बॅगेवर धरेल. समुद्रकिनाऱ्यावरून आल्यावर नळकांडं, कॉलर आणि माउंटची बाहेरची कड किंचित ओल्या मायक्रोफायबरने पुसा, मग कोरड्याने. पुढच्या काचेवर आधी ब्लोअर मारा. मिठाचा कण अंगावर असताना कापड फिरवलं तर तो कोटिंगवर ओरखडा काढतो.