कौटुंबिक प्रार्थनेत मोबाइलला किती आणि कशी जागा द्यावी

मराठी ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेचा क्रम पिढ्यान्‌पिढ्या साधारण सारखाच चालत आला आहे. एक गीत, शास्त्रवाचन, घरातल्या कोणीतरी मोठ्याने केलेली प्रार्थना आणि शेवटी सर्वांनी मिळून म्हटलेली प्रभूची प्रार्थना. वसईकडच्या कॅथलिक घरांत याच वेळी जपमाळेची प्रार्थना होते. बदल झाला आहे तो साधनांमध्ये. आज बायबल फोनमध्ये आहे, गीते फोनमध्ये आहेत, परगावच्या मुलाचा चेहरा फोनमध्येच दिसतो आणि त्याच फोनवर कार्यालयाचे संदेश आणि क्रिकेटचा धावफलकही येतो. फोन खोलीबाहेर ठेवला तर डोळ्यांनी अधू झालेल्या आजीची आणि दूरच्या मुलाची गैरसोय होते. तो मोकळा सोडला तर प्रार्थनेत सलग पाच मिनिटेही मन लागत नाही.

या पेचातून वाट काढण्यासाठी एक कसोटी मला उपयोगी वाटते. घरातल्या माणसांना जे स्वतः करता येते ते फोनकडे सोपवू नये आणि जे त्यांना करता येत नाही तेवढ्यासाठीच त्याची मदत घ्यावी. वाचणे, गाणे, एकमेकांसाठी प्रार्थना करणे ही कामे माणसांची आहेत. अंधूक दिसणाऱ्याला अक्षर मोठे करून देणे, दूरच्याला जवळ आणणे आणि जे विसरले जाईल ते जपून ठेवणे ही कामे फोनला चांगली जमतात. पुढच्या सर्व सूचना या कसोटीवरच उभ्या आहेत.

वेळ आणि तयारी

प्रार्थनेची वेळ शक्यतो जेवणाआधीची ठरवावी, कारण जेवणानंतर लहान मुले पेंगतात आणि मोठ्यांना आवराआवर दिसू लागते. पंधरा ते वीस मिनिटे पुरेशी असतात. वेळेची आठवण देणारा गजर घरातल्या एकाच फोनवर लावावा आणि प्रार्थना सुरू होण्यापूर्वी बाकीचे फोन एका ठरलेल्या जागी, शक्यतो दुसऱ्या खोलीत ठेवावेत. जो फोन प्रार्थनेत लागणार आहे त्यावर ‘डू नॉट डिस्टर्ब’ची सोय सुरू करावी. अँड्रॉइडच्या मराठी मांडणीत तिला ‘व्यत्यय आणू नका’ असे नाव आहे. रोज हाताने सुरू करण्याऐवजी तिची वेळ एकदाच नेमून ठेवता येते.

येथे एक रास्त शंका येते. घरात कोणी परिचारिका असेल, कोणी रात्रपाळीचा डॉक्टर असेल, किंवा गावी वडील आजारी असतील, तर फोन पूर्णपणे बंद कसा ठेवावा? तो बंद ठेवण्याची गरज नाही. याच सोयीत निवडक क्रमांकांना सूट देता येते आणि तोच माणूस थोड्या वेळात पुन्हा फोन करत असेल तर तो वाजू देण्याचीही तजवीज असते. ही सूट रुग्णालय आणि वृद्ध आईवडील यांच्यापुरतीच ठेवावी. यादी वाढू लागली की तिचा उपयोग संपतो.

शास्त्रवाचन

वाचन छापील बायबलमधून आणि माणसाच्या आवाजात व्हावे, असे माझे ठाम मत आहे. जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आईवडिलांना आज्ञा आहे की घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना त्यांनी देवाच्या वचनांविषयी मुलांशी बोलत राहावे. ही आज्ञा रेकॉर्ड केलेल्या आवाजाने पूर्ण होत नाही. वडील अडखळत वाचत असतील किंवा आईला जुन्या करारातली नावे उच्चारता येत नसतील, तरी मुलांच्या कानांवर तोच आवाज पडू द्यावा. वाचता येणाऱ्या मुलांनाही पाळीपाळीने चार-पाच वचने द्यावीत. छापील पुस्तक हाताळल्याने त्यांना स्तोत्रे साधारण मध्यावर आणि प्रकटीकरण शेवटी, असा पुस्तकांचा क्रम बोटांनीच कळत जातो. शोधखिडकीत नाव टाकणाऱ्याला तो कळत नाही.

रोज एक वचन पाठवणारी अ‍ॅप्स वैयक्तिक मननासाठी ठीक आहेत, पण कौटुंबिक वाचनाचा आधार म्हणून ती अपुरी पडतात. मागचापुढचा संदर्भ तुटलेले वचन हव्या त्या अर्थाने वापरले जाण्याचा धोका असतो आणि मुलांना त्यातून कथा मिळत नाही. त्यापेक्षा एखादे पुस्तक सलग घ्यावे. मार्काच्या शुभवर्तमानाचे १६ अध्याय आहेत. रोज एक घेतल्यास दोन आठवड्यांपेक्षा थोड्या अधिक काळात येशूचे सर्व सेवाकार्य डोळ्यांपुढून जाते. लूकचे २४ अध्याय आहेत, म्हणून १ डिसेंबरला सुरुवात केली तर नाताळच्या आदल्या संध्याकाळी शेवटचा अध्याय येतो. नीतिसूत्रांचे ३१ अध्याय महिन्याच्या तारखांशी जुळतात, मात्र लहान मुलांसाठी ते एका बैठकीत फार होतात.

फोनवर वाचणारे कोणी असेल तर सर्वांनी आधी आवृत्ती एकच निवडावी. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले भाषांतर १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले. त्याची शब्दरचना बायबल सोसायटीच्या आवृत्तीपेक्षा वेगळी आहे. एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी आवृत्ती उघडली की आळीपाळीच्या वाचनात मुले गोंधळतात. कॅथलिक बायबलमध्ये ७३ आणि प्रोटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके असतात, हेही दोन्ही परंपरांतील माणसे असलेल्या घरात आधी बोलून घ्यावे. निवडलेली आवृत्ती इंटरनेटशिवाय वापरण्यासाठी उतरवून घेता येत असेल तर घ्यावी, म्हणजे वाचताना फोन फ्लाइट मोडवर ठेवता येतो.

वृद्धांसाठी फोनची मदत मोलाची आहे. अक्षरांचा आकार अ‍ॅपमध्येच वाढवावा. ध्वनिरूपातील बायबल प्रार्थनेच्या वेळी लावण्याऐवजी दुपारी लावून द्यावे आणि त्याचा वेग थोडा कमी ठेवावा. त्या दिवशीचा अध्याय आजी-आजोबांनी आधीच ऐकलेला असला की संध्याकाळी त्यांना अक्षर दिसले नाही तरी चालते. उलट मुलांच्या प्रश्नांना पहिले उत्तर तेच देतात.

दूरच्या माणसांना सामील करताना

रोज व्हिडिओ कॉल करू नये. तो रोजचा झाला की प्रार्थनेपेक्षा जोडणीच्या तक्रारींनाच अधिक वेळ जातो आणि दूरच्या माणसावरही हजेरीचे ओझे पडते. आठवड्यातून एक संध्याकाळ पुरेशी आहे. भारतातले रात्रीचे आठ म्हणजे दुबईत साडेसहा, आणि न्यू जर्सी किंवा बॉस्टनमध्ये हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ, उन्हाळ्यात साडेदहा. अमेरिकेत रविवारची ही वेळ चर्चची असते, म्हणून तिथल्या नातेवाइकांसाठी शनिवार सोयीचा. तिथली घड्याळे मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सरकतात. त्या दोन आठवड्यांत आदल्या दिवशी एक संदेश पाठवून ठेवावा.

व्हिडिओ कॉलवर सर्वांनी एकत्र गाण्याचा प्रयत्न करू नये. आवाज पोहोचायला लागणारा क्षणभराचा उशीरही ताल मोडायला पुरतो. एका घराने गावे आणि बाकीच्यांनी आपले माइक बंद ठेवून आपापल्या ठिकाणी साथ द्यावी. पेटी आणि टाळ यांचा आवाज अशा कॉलमध्ये अनेकदा दबतो, कारण बोलण्याव्यतिरिक्तच्या आवाजाला गोंगाट समजून तो गाळला जातो. झूमवर मूळ आवाज जसाच्या तसा जाऊ देण्याची सोय आहे, ती सुरू करावी. प्रभूच्या प्रार्थनेलाही हाच नियम लागू आहे: एकाने मोठ्याने म्हणावी, बाकीच्यांनी माइक बंद ठेवून त्याच्याबरोबर म्हणावी. स्तोत्रांचे आळीपाळीचे वाचन मात्र कॉलवर उत्तम जमते. एक वचन पुण्यातून, पुढचे दुबईतून असे स्तोत्र १२१ किंवा १०३ वाचून पाहावे.

प्रार्थनेच्या विनंत्या

या बाबतीत मला सर्वांत अधिक काळजी वाटते. निदान अजून पक्के न झालेले आजारपण, मोडलेली सोयरीक, कर्ज, नवरा-बायकोत आलेला दुरावा अशा गोष्टी विश्वासाने प्रार्थनेसाठी सांगितल्या जातात आणि कोणीतरी सद्भावनेने त्या दुसऱ्या ग्रुपवर पुढे पाठवतो. दोन तासांत त्या मंडळीभर होतात. ज्याचे दुःख आहे त्याला आपले दुःख तिसऱ्याच माणसाच्या तोंडून ऐकावे लागते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात येशूने दार लावून, गुप्तपणे पाहणाऱ्या पित्याजवळ प्रार्थना करायला सांगितले आहे, याचे भान येथे विशेष ठेवायला हवे.

म्हणून विनंत्यांसाठी कागदाची वही ठेवावी. तारीख, नाव आणि एका ओळीत विषय, एवढेच लिहावे आणि समोर उत्तरासाठी जागा कोरी सोडावी. महिन्यातून एकदा मागची पाने वाचावीत आणि ज्यांची उत्तरे मिळाली त्यांच्यासाठी आभार मानावेत. ज्यांची मिळाली नाहीत त्यांच्याविषयीही मुलांशी मोकळेपणाने बोलावे. कुटुंबाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप वापरायचाच असेल तर तो प्रार्थनेपुरता वेगळा करावा आणि त्यावरचे संदेश ७ दिवसांनी आपोआप नाहीसे होतील अशी व्यवस्था लावावी. ही व्यवस्था असली तरी कोणी पडद्याचे छायाचित्र घेऊ शकते. त्यामुळे ग्रुपवर ‘मावशीच्या प्रकृतीसाठी’ एवढेच लिहावे; तपशील तिने स्वतः सांगितला तरच आणि फोनवर बोलून.

चाली आणि नोंदी जपणे

फोनचा सर्वांत चांगला उपयोग येथे आहे आणि बहुतेक घरांत नेमका तोच राहून जातो. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांची भजने आणि त्यांच्या आधीच्या व नंतरच्या कवींची गीते आपल्या गीतपुस्तकांत आहेत, पण घरोघरच्या प्रतींत शब्द असतात, स्वरलिपी क्वचितच असते. चाल ऐकूनच पुढे जाते. नगर जिल्ह्यातल्या एका गावी एक गीत ज्या चालीवर म्हणतात ती शेजारच्या गावात वेगळी असू शकते. ती चाल जाणणारी आजी गेली की शब्द उरतात आणि गाणे हरवते.

ध्वनिमुद्रणासाठी सकाळची वेळ निवडावी, कारण तेव्हा वृद्धांचा आवाज थकलेला नसतो. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, कुकर नंतर ठेवावा. फोन फ्लाइट मोडवर टाकून घडी केलेल्या टॉवेलावर, गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. हातात धरल्यास बोटांची खरखर येते. आधी थोडेसे मुद्रण करून ऐकून पाहावे. मग गाणाऱ्याने आपले नाव, तारीख, गीताची पहिली ओळ आणि ही चाल कोणाकडून, कोणत्या गावी शिकलो हे सांगावे. पहिल्यांदा पेटीशिवाय गाऊ द्यावे, म्हणजे चालीतल्या मुरक्या स्पष्ट ऐकू येतात. साथीसह दुसऱ्यांदा घ्यावे. मध्ये शब्द चुकला तरी थांबवू नये. दोन गीतांच्या मध्ये आलेली आठवण, एखाद्या कीर्तनाची, दुष्काळातल्या नाताळची, तीही राहू द्यावी. हे काम घरातल्या किशोरवयीन मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे. फोनची कामे त्यांना सहज येतात, आणि या निमित्ताने ती आजीजवळ तासभर बसतात.

प्रत्येक गीताची फाइल वेगळी करून तिला गाणाऱ्याचे नाव, गीताची पहिली ओळ आणि वर्ष असे नाव द्यावे. नातेवाइकांना पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी, म्हणजे फाइल आहे तशी पोहोचते. कोणते मुद्रण कुटुंबाबाहेर जाऊ शकते हे गाणाऱ्याला विचारूनच ठरवावे.

याच बैठकीत घरच्या जुन्या बायबलची पहिली पानेही घ्यावीत. अनेक घरांत त्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू यांच्या तारखा आजोबा-पणजोबांच्या हस्ताक्षरात असतात. खिडकीजवळच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, फोन पानाशी समांतर धरून छायाचित्र घ्यावे. जी अक्षरे लागत नाहीत ती वृद्धांना विचारून त्याच दिवशी वहीत उतरवावीत आणि मूळ पानावर नव्याने काही गिरवू नये.

हे सर्व किमान दोन ठिकाणी ठेवावे: एक प्रत ऑनलाइन साठ्यात आणि एक पेन ड्राइव्हवर, जी दुसऱ्या गावच्या भावाकडे किंवा बहिणीकडे असेल. गूगलच्या खात्याबरोबर मोफत मिळणारी १५ जीबी जागा ध्वनिमुद्रणांना भरपूर होते, मात्र ईमेल आणि छायाचित्रेही तीच जागा वापरतात, त्यामुळे ती भरत आली आहे का हे मधूनमधून पाहावे. फाइलींची यादी कागदावर लिहून बायबलमध्ये ठेवावी आणि त्या कोणत्या खात्यात आहेत हे घरातल्या किमान दोघांना माहीत असावे. जुना फोन विकण्याआधी किंवा कोणाला देऊन टाकण्याआधी दोन्ही प्रतींतल्या काही फाइली उघडून पूर्ण ऐकाव्यात आणि मगच त्या फोनमधला मजकूर पुसावा.